सायकल ठेवायला जागा

नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या मुख्य स्थानकात शिरताना सायकलवरून उतरावं लागत नाही. रस्त्यावरचा सायकलमार्ग हलकेच खाली झुकतो, डोक्यावर काँक्रीटचं छत येतं आणि आपण पेडल मारत मारतच जमिनीखाली पोचतो. भाची पुढे, मी मागे. "मावशी, मध्येच थांबू नकोस हं, मागचे धडकतील," ती मान न वळवता ओरडली. मागे खरोखरच रांग होती. पाठीवर दप्तर टाकलेली कॉलेजची मुलं, टाय लावलेले कारकून, पुढच्या लाकडी पेटीत कुत्रं बसवलेल्या एक आजीबाई. सकाळची घाईची वेळ होती, पण कुणीच कुणावर खेकसत नव्हतं. पुणेकर असल्याने ही गोष्ट माझ्या आधी लक्षात आली, वास्तुरचना नंतर.

हे जगातलं सर्वांत मोठं सायकल पार्किंग म्हणून ओळखलं जातं. १२,५०० सायकलींची जागा, तीन मजले, सगळं स्थानकासमोरच्या चौकाच्या पोटात. पहिला भाग २०१७ मध्ये खुला झाला आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये काम पुरं झालं. वर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या नक्षीचं भलंमोठं पांढरं छत आहे. ते तोलणारे काँक्रीटचे खांब वरच्या बाजूला कर्ण्यासारखे रुंदावत जातात आणि त्यांचे बुंधे थेट सायकलींच्या रांगांत उतरलेले दिसतात. एक्टर होगस्टाड या वास्तुविशारद संस्थेचं हे काम. पर्यटक ते बघायला येतात, फोटो काढतात. मीही काढले. पण इथलं खरं कसब फोटोत येत नाही, कारण ते वाटा आखण्यात आहे.

आत गेल्यावर सायकलींचा एक मुख्य रस्ता लागतो, एकेरी. दोन्ही बाजूंना स्टँडच्या गल्ल्या फुटतात. मुख्य रस्त्यावर कुणी उतरत नाही. आपल्या गल्लीशी आलं की आत वळायचं आणि मग उतरायचं. त्यामुळे सायकल लावणाऱ्याच्या खटपटीचा मागून येणाऱ्याला अडथळा होत नाही. ऐकायला किती साधं वाटतं! पण आपल्याकडच्या कुठल्याही वाहनतळाची गोची आठवून पाहा. लावणारा, काढणारा आणि पुढे जाणारा, तिघंही त्याच चिंचोळ्या पट्ट्यात एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे असतात. इथे कागदावर रेघ ओढतानाच हे भांडण मिटवून टाकलेलं आहे.

गल्लीच्या तोंडाशी पाटीवर आत किती जागा रिकाम्या आहेत ते दिसतं. भरलेल्या गल्लीत शिरून हात हलवत परत यायची वेळ येत नाही. मजल्या-मजल्यांना जोडणारे जिने काचेच्या छताखाली आहेत, त्यामुळे खाली दिवसाचा उजेड पोचतो आणि बाहेर पडायची वाट कुठे हे त्या उजेडावरूनच कळतं. तळघर असून तळघराची भीती वाटत नाही. रात्री एकट्या बाईला इथे यावंसं वाटलं पाहिजे, हा विचार बांधणाऱ्यांनी केलेला दिसतो. कोपरे कमी, आडोसे कमी, दूरवर नजर जाते आणि माणसं सतत ये-जा करत असतात. सायकल लावली, जिना चढलो की थेट स्थानकाचा चौक. काही वाटा तर सरळ फलाटांकडे जातात. भाची घरातून निघाल्यापासून गाडीत बसेपर्यंतचं गणित मिनिटांत सांगते आणि ते सहसा चुकत नाही.

पैशांची रीत मला फार आवडली. आत येताना कार्ड टेकवायचं, जाताना तेच पुन्हा टेकवायचं. पहिले चोवीस तास फुकट. त्यानंतर दर दिवसाला सव्वा-दीड युरोच्या आसपास. म्हणजे रोज कामावर जाणाऱ्याला एक पैसाही पडत नाही, पण सायकल तिथेच विसरून महिनाभर गावाला जाणाऱ्याला पडतो. जागा फिरती राहावी एवढ्याचसाठी ही आकारणी. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. दोन तास गाडी लावणाऱ्याकडून पावती फाडून घेतात आणि फूटपाथवर सहा महिने धूळ खात पडलेल्या गाडीला कुणी काही म्हणत नाही.

स्टँड दुमजली आहेत. खालच्या ओळीत सायकल नुसती पुढे ढकलायची. वरच्या ओळीसाठी पन्हळ बाहेर ओढून खाली टेकवायची, तिच्यात सायकल चढवायची आणि मग पन्हळ उचलून आत सारायची. उचलताना गॅसच्या दांड्याची मदत मिळते, म्हणून वजन फारसं जाणवत नाही असं सांगतात. मला जाणवलं. डच सायकल म्हणजे लोखंडाचं प्रकरण. आपली जुनी काळी चोवीस इंची तिच्यापुढे नाजूक वाटावी. खाटेखालची ट्रंक ओढावी तशी मी ती पन्हळ ओढली खरी, पण परत ढकलताना शेजारच्या उंच तरुणाने न विचारता हात लावला. बॅटरीवाल्या सायकली तर आणखी जड. म्हणून खालची ओळ आधी भरते आणि वरची उशिरा. कागदावर १२,५०० जागा असल्या तरी त्या सगळ्या सारख्या नसतात, हे असं हातांना कळतं. पुढे पेटी लावलेल्या, तीनचाकी, लेकरं बसवायच्या लांबोड्या सायकलींसाठी वेगळे कोपरे राखलेले आहेत. त्या स्टँडमध्ये बसतच नाहीत, उगाच शेजारच्या दोन जागा अडवतात.

हे सगळं डच लोकांना उपजत येतं, असं मात्र नाही. देशाची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या थोडी पुढे आणि सायकली दोन कोटी तीस लाखांच्या घरात. १९७० च्या दशकात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांसाठी आईबाप चिडून उठले, त्यातच तेलाचं संकट आलं आणि तिथून पुढे सायकलमार्ग बांधायला जोर आला. मार्ग झाले, लोक सायकलीवर आले. पण त्या सायकली ठेवायच्या कुठे हे बराच काळ कुणाच्या ध्यानात नव्हतं. आगगाडीने जाणाऱ्या दहांतले चार-पाच जण स्थानकावर सायकलने येतात. त्यांच्या सायकली कठड्यांना, दिव्याच्या खांबांना, झाडांना, एकमेकींना बांधलेल्या असायच्या. अंध माणूस, बाबागाडीवाली आई, म्हातारी माणसं यांना चालायला वाट उरली नाही, तेव्हा सरकार आणि रेल्वे जागी झाली. आज देशभरातल्या स्थानकांवर मिळून पाच लाखांच्या आसपास जागा आहेत. मार्ग आधी आणि जागा मागाहून, हा क्रम त्यांना महागात पडला. शहराच्या मध्यात आधीच सगळं बांधून झालेलं असलं की मग जमिनीखाली जावं लागतं, आणि जमिनीखालचा प्रत्येक घनमीटर पैसे खातो.

उट्रेख्तपासून काही मिनिटांवर हाउटन नावाचं गाव आहे. तिथे फारसे पर्यटक जात नाहीत, पण मला मोठ्या शहरापेक्षा तेच अधिक शहाणं वाटलं. गावाची आखणीच अशी, की मोटारीला एका भागातून दुसऱ्या भागात जायचं तर बाहेरच्या वळणरस्त्यावर जाऊन यावं लागतं आणि सायकल मात्र मधून सरळ जाते. तिथलं सायकलतळ रेल्वेच्या रुळांच्या बरोबर खाली आहे, तीन हजारांवर सायकलींचं. सायकल लावायची, जिना चढायचा की फलाटच. मध्ये रस्ता नाही, चौक नाही, वळसा नाही. छताला नक्षी नाही, की कुणी फोटोही काढत नाही. गाव लहान असताना, मोकळी जमीन हाताशी असतानाच सायकलींचा विचार झाला, म्हणून एवढ्या सोप्यात काम झालं.

अ‍ॅमस्टरडॅमची तऱ्हा वेगळी. तिथे मोकळी जमीन नव्हतीच, म्हणून पाण्याखाली गेले. मुख्य स्थानकासमोर जुन्या बंदराचं पाणी आहे. त्या भागातलं पाणी अडवून, उपसून टाकलं, तळाशी सात हजार सायकलींचं दालन बांधलं आणि पाणी परत सोडलं. चारेक वर्षांचं काम, खर्च सहा कोटी युरो. जानेवारी २०२३ मध्ये ते उघडलं आणि पुढच्याच महिन्यात स्थानकाच्या मागच्या बाजूला आणखी चार हजारांचं एक. आराखडा करणाऱ्यांनी कालव मनात धरलं होतं म्हणे. बाहेरून खडबडीत, आतून गुळगुळीत आणि उजळ. तसंच आहे. आत पांढरा प्रकाश, गोलसर भिंती, कुठे ओल नाही, वास नाही. आपल्या डोक्यावर होड्या चालल्या आहेत हे आठवण करून दिल्याशिवाय लक्षातही येत नाही.

सुंदर आहे, यात वाद नाही. तरी मला विचाराल तर उट्रेख्त उजवं. अ‍ॅमस्टरडॅमला वरच सायकलवरून उतरून सरकत्या पट्ट्यावर उभं राहून खाली जावं लागतं. पट्टा आपला आपल्या गतीने चालतो. गाडीची वेळ झालेल्या माणसाला ते अर्धं मिनिटही जिवावर येतं. सायकलवाला वळसा घालत नाही आणि वाट पाहत नाही. हा त्याचा दोष म्हणा की स्वभाव, जागा आखणाऱ्याने तो गृहीत धरायला हवा. अ‍ॅमस्टरडॅमकरांनाही ते ठाऊक होतं. म्हणून नवी दालनं उघडल्यावर त्यांनी आजूबाजूचे उघड्यावरचे स्टँड काढून टाकले आणि चौकात सायकल बांधून जाणाऱ्यांच्या सायकली उचलायला सुरुवात केली. आधी जागा दिली, मग शिस्त लावली. उलट केलं असतं तर लोकांनी जुमानलं नसतं, आणि ते बरोबरच ठरलं असतं.

तिथेच जवळ पूर्वी एक तीन मजली उघडा सांगाडा होता. २००१ मध्ये स्थानकाची आणि मेट्रोची कामं चालू असताना तात्पुरता म्हणून उभारलेला, अडीच हजार सायकलींचा. तात्पुरता तो वीस वर्षांहून अधिक काळ टिकला. शहराच्या पोस्टकार्डांवर झळकला आणि पहिल्या दिवसापासून भरून वाहत राहिला. या बाबतीत डच आणि आपण एकाच मातीचे, असं वाटून मला जरा बरं वाटलं.

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे बेवारशी सायकली. मालकी संपली तरी सायकल उभीच राहते. कुणी शिक्षण संपवून गाव सोडतं, कुणाची किल्ली हरवते, कुणी नवी घेतं आणि जुनी तिथेच सोडतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांतून दरवर्षी बारा ते पंधरा हजार सायकली उपसून काढतात. पाण्यात पडल्या त्या निदान जागा तरी अडवत नाहीत. स्टँडमधल्या बेवारशी सायकली मात्र चांगल्या जागा खात बसतात. म्हणून मोठ्या सायकलतळांवर २८ दिवसांची मुदत असते. रस्त्यावरच्या स्टँडमध्येही पालिकेची माणसं फिरतात, हलत नाही असं वाटलेल्या सायकलीला चिठ्ठी बांधतात आणि ठरल्या मुदतीनंतर ती तशीच आढळली तर उचलून शहराबाहेरच्या गोदामात नेतात. तिथे ती काही आठवडे राहते. मालकाने ओळख पटवावी, दंड भरावा, घेऊन जावी. कुणी आलंच नाही तर विकतात. एकदा बांधलं की काम संपलं, असं हे काम नाही. चिठ्ठी बांधणारा माणूस पगारावर ठेवला नाही, तर कितीही देखणं तळघर दोन-तीन वर्षांत भंगारखाना होईल. आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली पोरं मोठी होऊन परदेशी गेल्यानंतर राहिलेल्या सायकली आहेत. टायरला भेगा, सीटवर मांजर. तिथे चालवणाऱ्याच्या सायकलीला जागा नाही, न चालवणाऱ्यांच्या सायकलींना आहे.

स्थानकांचं एवढं सांगितलं, पण भाचीच्या मते खरी परीक्षा गल्लीतली. "घराखाली जागा नसेल ना, तर सायकल रोज निघतच नाही," ती म्हणते. जुन्या डच घरांचे जिने इतके उभे आणि अरुंद की सामान खिडकीतून दोराने चढवतात. सायकल वर नेणं अशक्य. यावर उपाय म्हणजे गल्लीत मोटारीची एक जागा काढून तिथे ठेवलेली गोल पाठीची पत्र्याची बंद पेटी. तिच्यात पाचेक सायकली मावतात आणि किल्ल्या फक्त शेजारच्या त्या घरांकडे असतात. नव्या इमारतींसाठी तर कायदाच आहे. प्रत्येक घराला सायकल ठेवता येईल अशी कोठी हवी. २००३ मध्ये तिथल्या सरकारने हे कलम बांधकाम नियमांतून काढलं होतं. बिल्डर आपणहून करतील असा भाबडा विश्वास. तो किती टिकला? २०१२ मध्ये पाच चौरस मीटरच्या कोठीची अट परत आली. बिल्डर सगळीकडे बिल्डरच असतात.

रस्त्यावरच्या साध्या स्टँडकडे मी मुद्दाम वाकून वाकून पाहिलं. दोन जाती आहेत. एक, ज्यात फक्त पुढचं चाक अडकतं. दुसरी, जमिनीत रोवलेला लोखंडी नळीचा उलटा यू, ज्याला सायकल टेकते आणि फ्रेमच साखळीने बांधता येते. पहिल्या जातीत जोराचा वारा आला किंवा शेजाऱ्याचा धक्का लागला की सगळं वजन रिमवर येतं आणि चाक आऊट होतं. शिवाय चाक सोडवून उरलेली सायकल पळवणं चोराला सोपं. इंग्रजांच्या शेफील्ड शहराच्या नावाने ओळखला जाणारा हा उलटा यू दोन्ही बाजूंनी एकेक, अशा दोन सायकली नीट धरतो. मात्र दोन यूंमध्ये मीटरभर अंतर हवं. पैसे वाचवायला ते कमी केलं की हँडलमध्ये हँडल गुंततात आणि निम्म्या जागा रिकाम्या राहतात. नेदरलँड्समध्ये सायकलस्वारांची संघटना आणि स्टँड बनवणारे कारखाने यांनी मिळून दर्जाचा शिक्का ठरवला आहे. एक वर, एक खाली अशा स्टँडमध्ये दोन सायकलींच्या मध्यात किमान ३७.५ सेंटिमीटर, अशा मापांसकट. पालिका निविदेत तोच शिक्का मागते आणि वाद संपतो.

ग्रोनिंगनमध्ये दुकानांसमोर सायकली लावू नयेत म्हणून फरसबंदीवर लाल गालिचा अंथरल्यासारखा पट्टा केला. पाटी नाही, दंड नाही. लोकांना गालिच्यावर सायकल उभी करणं बरं वाटेना, ते आपोआप बाजूच्या जागेत लावू लागले. आपल्याकडे हा प्रयोग केला तर गालिचा पहिल्याच रात्री नाहीसा होईल हे मला कळतं, पण त्यामागची बुद्धी घेण्यासारखी आहे.

पुण्याची आठवण परदेशात काढू नये असं मी दर वेळी ठरवते. या खेपेस जमलं नाही. ज्या शहराला एके काळी सायकलींचं शहर म्हणत, तिथे सिनेमागृहाबाहेर आणि मंडईपाशी सायकल स्टँड असायचे. खाकी शर्टातला माणूस पत्र्याचा बिल्ला हातात द्यायचा, त्याचा जोड हँडलला अडकवायचा. ती व्यवस्था ओबडधोबड होती. एक सायकल ओढली की ओळच्या ओळ आडवी व्हायची. पण राखण होती, सावली होती आणि जागा दाराशी होती. स्कूटरी आल्या आणि त्याच जागा स्कूटरींना गेल्या. २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली शहरभर आल्या. त्यांना ठरलेली जागा नव्हती. कुठेही घ्या, कुठेही सोडा. त्या फूटपाथवर आडव्या पडल्या, गच्चीवर गेल्या, नदीत गेल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. कंपन्यांचं गणित चुकलं, नागरिक बेशिस्त, असं सगळं बोलून झालं. पण सायकल नीट ठेवायला ठरलेली, राखलेली, दाराजवळची जागा नसेल तर सायकल रस्त्यावर टिकत नाही, हे फारसं कुणी बोललं नाही.

उट्रेख्तसारखं तळघर पुण्याला लगेच हवं, असं मी म्हणणार नाही. बारा हजार सायकलस्वार आधी दाखवा, असं कुणीही विचारेल. आपल्याला हाउटनचा धडा घ्यायचा आहे. मेट्रोची नवी स्थानकं होताहेत, उपनगरांत मोठाले गृहप्रकल्प उठताहेत. तिथे आत्ताच, जिन्याच्या पायथ्याशी, छपराखाली, दिव्याखाली जागा सोडली तर खर्च नगण्य. दहा वर्षांनी तीच जागा खणून काढावी लागेल.

आणि पालिकेची वाट पाहायचं कारण नाही. एका मोटारीच्या जागेत मीटर-मीटरवर पाच उलटे यू बसतात, म्हणजे दहा सायकली. नळी आपल्या कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला वाकवून देतो. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या. न हलणाऱ्या सायकलींना महिन्याच्या मुदतीची चिठ्ठी बांधायचा ठराव त्याच सभेत करा. आणि कुणी पुढचं चाक अडकवायचा स्वस्तातला स्टँड सुचवला तर ठाम नाही म्हणा.